खुले परवाने आणि आरपीजीचे नियम: तीन ठिकाणचं एका पुस्तकात कसं बसवायचं?

पानगळ

मंडळी, टेबलटॉप आरपीजीच्या (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या) नियमपुस्तिकेचा एक मसुदा आहे, साधारण ४० पानांचा. सामानाचे स्लॉट (ओझं मोजायचे खाने) ‘नेव्ह’ या खेळाच्या पहिल्या आवृत्तीतून घेतलेत. हल्ला कधी चुकत नाही, थेट डॅमेजचा फासा टाकायचा, हा भाग ‘केर्न’ या दुसऱ्या खेळातून. राक्षस आणि स्पेल एसआरडी ५.१ मधून, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (डी अँड डी) खुल्या नियमसंचातून. तिन्ही खुले आहेत एवढ्या भरवशावर मजकूर एकत्र केलाय. काही ठिकाणी कल्पना घेऊन नियम नव्याने लिहिलाय, काही ठिकाणी मात्र परिच्छेदच्या परिच्छेद भाषांतर करून घेतलेत.

विचारायचं असं: हे तिघं एका पुस्तकात नांदतात का, आणि नांदत असतील तर शेवटी पुस्तकावर परवाना कोणता लावायचा? ओजीएल १.०ए (डी अँड डीचा जुना ‘ओपन गेम लायसन्स’) अजून शाबूत आहे म्हणतात, मग तोच का नको?

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. खेळाच्या मेकॅनिक्सवर कॉपीराइट नसतोच, असं जो तो सांगतो. मग २००० सालापासून परवान्यांवरून एवढा गदारोळ कशासाठी? परवान्यामुळे नियम खरोखर बदलतात, की फक्त शेवटच्या पानावरचा बारीक टाइप बदलतो?

---

चौसर

आधी परवान्याचं बघू, कारण त्यात एक पाचर आहे आणि ती ‘केर्न’ची आहे.

‘नेव्ह’ची पहिली आवृत्ती सीसी बाय ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या आणि वापरा’ परवाना) खाली आहे. एसआरडी ५.१ दोन परवान्यांखाली मिळतो, ओजीएल १.०ए आणि सीसी बाय ४.०, त्यातला कोणता ते तुम्ही निवडायचं. ‘केर्न’ मात्र सीसी बाय-एसए ४.०, म्हणजे शेअर-अलाइक. त्यातला मजकूर घेऊन काही तयार केलं, तर तेही त्याच परवान्याखाली सोडावं लागतं. आणि कॉपीराइटच्या हिशोबात भाषांतर म्हणजे रूपांतरच. ‘शब्द तर माझेच आहेत’ हा बचाव इथे चालत नाही. ‘केर्न’चा एक परिच्छेद जरी भाषांतर होऊन आत बसला, तरी पुस्तकाचा नियमभाग बाय-एसए झाला म्हणून धरून चाला.

बायचा मजकूर बाय-एसएच्या पुस्तकात जाऊ शकतो, उलटं होत नाही. त्यामुळे आज आहे त्या स्थितीत मसुद्याला एकच वाट आहे: सगळा नियमभाग सीसी बाय-एसए ४.०, आणि ‘नेव्ह’ व एसआरडीची श्रेयओळ वेगळी.

ओजीएल इथे बसतच नाही. त्या परवान्यात खुल्या मजकुरापासून बनलेलं सगळं, भाषांतर धरून, पुन्हा ओजीएलखालीच खुलं राहिलं पाहिजे. बाय-एसए म्हणतो माझ्याखाली राहिलं पाहिजे. दोघांचंही एकाच परिच्छेदावर बोट. ऑर्क लायसन्स या दुसऱ्या खुल्या आरपीजी परवान्याचीही तीच अडचण.

बाय-एसए नको असेल तर ‘केर्न’चे भाषांतरित उतारे काढा, फाइल बंद करा आणि त्याच नियमाची यंत्रणा स्वतःच्या वाक्यांत, स्वतःच्या क्रमाने, स्वतःच्या उदाहरणांनी लिहा. एकेक शब्द बदलत गेलात तर ते पुनर्लेखन होत नाही, रंगरंगोटी होते.

एसआरडीबद्दल एक सोपी चाचणी. मसुद्यात ‘बिगबीज हँड’ किंवा ‘टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क’ असं काही सापडलं तर तो उतारा एसआरडीतला नाही, विकतच्या पुस्तकातला आहे. एसआरडीत त्याच स्पेलची नावं ‘आर्केन हँड’ आणि ‘फ्लोटिंग डिस्क’ अशी आहेत. जादूगारांची नावं मुद्दाम गाळलेली आहेत. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या राक्षसांचे स्टॅटब्लॉक (आकड्यांचे तक्ते) तर त्यात मुळीच नाहीत. मसुद्यात ते असतील तर आजच काढून टाका.

---

वीसकोनी

मोठ्या प्रश्नावर लिहितो. परवान्याने नियम बदलतात, पण सगळीकडे सारखे नाही. जिथे परवाना रेघ ओढतो नेमकं तिथेच बदल साचतात. एकच नियम धरून दाखवतो.

२००० साली डी अँड डीची तिसरी आवृत्ती आली आणि रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ओजीएल आलं. कल्पना मुक्त सॉफ्टवेअरवरून घेतलेली. त्या आवृत्तीत ‘मॅसिव्ह डॅमेज’ नावाचा नियम होता: एकाच फटक्यात ५० किंवा जास्त डॅमेज झालं तर फॉर्टिट्यूड सेव्ह १५ (सहनशक्तीचा बचावाचा फासा, १५ किंवा वर हवा), हुकला तर मरण. तलवारबाजीच्या खेळात हा आकडा इतका वर की महिनोन्‌महिने कोणाला आठवायचाही नाही. मग याच इंजिनावर इतर प्रकारचे खेळ चढवणं सुरू झालं. भयकथेत पात्राला लेव्हलगणिक हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) वाढत गेले की भीतीच उरत नाही. म्हणून २००२ च्या ‘कॉल ऑफ कथुलू डी२०’मध्ये तो आकडा थेट १० वर आणला. त्याच वर्षीच्या ‘डी२० मॉडर्न’ने ठरीव आकडाच काढून टाकला आणि पात्राचं कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणाचा गुण) हीच मर्यादा केली. बंदुकीच्या एका गोळीची धास्ती वाटावी, एवढ्यासाठी.

हे दोन्ही बदल मूळ प्रकाशकाच्या, विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या, घरातले. गंमत घराबाहेर झाली. २००२ मध्येच ग्रीन रोनिनच्या ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ने तिसऱ्या आवृत्तीच्या एसआरडीवर उभं राहून हिट पॉइंटच उडवले. फटका बसला की सेव्ह टाकायचा. हुकला की पुढच्या सेव्हला वजाबाकी साठत जाते. सुपरहिरो इमारतीवर आदळून उठतात आणि मग एका ठोशात बेशुद्ध पडतात, ते या नियमात नीट बसतं. आणि २००४ च्या ‘अनअर्थ्ड अर्काना’त मूळ प्रकाशकाने हीच कल्पना ‘इंज्युरी’ या पर्यायी नियमाच्या रूपात परत घेतली. त्या पुस्तकात ओजीएलच्या कलम १५ मध्ये, म्हणजे स्रोतांच्या यादीत, ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’चं नाव छापलेलं आहे. परवान्याने वर जाणारा रस्ताही उघडा ठेवला होता, त्याचा हा लेखी पुरावा. तशी उदाहरणं फार थोडी. २००२ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल टू’मधले रेझर बोअर आणि स्कॉर्पियनफोक हे दुसरं. तेही दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकातून घेतलेले.

आता रेघेची गोष्ट. ओजीएलसोबत डी२०चा लोगो वापरायचा वेगळा ट्रेडमार्क परवाना होता. लोगो हवा असेल तर पात्र तयार करण्याची पद्धत आणि अनुभवाने लेव्हल वाढवण्याची पद्धत छापायची नाही, ही अट. वाचकाने मूळ ‘प्लेअर्स हँडबुक’ विकत घ्यावं हा सरळ हेतू. परिणाम काय झाला? लोगो घेणारे पुरवण्या लिहीत राहिले: नवे वर्ग (पात्रांचे प्रकार), नवे राक्षस, साहसकथा. लोगो सोडणाऱ्यांना संपूर्ण खेळ लिहिण्याची मुभा मिळाली आणि खरा फेरबदल त्यांनीच केला. २००८ ला तो लोगो-परवाना बंद झाला तेव्हा पहिल्या गटाला छापील पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न पडला. दुसऱ्या गटाचं काहीच अडलं नाही.

त्याच वर्षी डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीसाठी जीएसएल (गेम सिस्टिम लायसन्स) नावाचा जास्त कडक परवाना आला. एका मालिकेचं पुस्तक त्याखाली काढलं की ती मालिका ओजीएलखाली विकायची नाही, असं कलम पहिल्या मसुद्यात होतं. नंतर ते सैल केलं, पण तोवर पायझो या प्रकाशकाने डी अँड डी ३.५ च्या एसआरडीवर ‘पाथफाइंडर’ची खुली चाचणी सुरू केली होती. २००९ मध्ये तो खेळ पूर्ण पुस्तक म्हणून आला. त्यात लेव्हल वाढण्याचा तक्ता मंद, मध्यम आणि जलद अशा तीन गतींचा आहे. एसआरडीत अनुभवाचा तक्ताच नव्हता, त्यामुळे तो कोणालाही नव्याने करावा लागणारच होता. एसआरडीत जिथे भोक ठेवलं, तिथे प्रत्येकाने आपापलं ठिगळ लावलं.

५.१ च्या एसआरडीतही तसंच आहे: १२ वर्ग, पण प्रत्येकी एकच उपवर्ग. एकच बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका), अॅकोलाइट. एकच फीट (खास कौशल्य), ग्रॅपलर. बाहेरच्या प्रकाशकांनी उपवर्ग आणि बॅकग्राउंडचे डोंगर रचले आणि पायाभूत वर्गांना क्वचितच हात लावला, त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

---

टाचण

वीसकोनींचा माग पटतो, निष्कर्ष अर्धाच पटतो. गेल्या पंधरा वर्षांत सगळ्यात जास्त रूपं घेतलेला नियम एसआरडीतून आलेलाच नाही.

‘अपॉकलिप्स वर्ल्ड’, २०१०, मेग्वी आणि व्हिन्सेंट बेकर. २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक गुण: १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ ला यश पण किंमत मोजून, ६ किंवा खाली असेल तर सूत्रधाराची चाल. त्यांनी एसआरडी काढला नाही, परवानाही काढला नाही. भूमिका साधी: कल्पना वापरायला परवानगी लागतच नाही, आमची वाक्यं उचलू नका. त्यावर शेकड्यांनी खेळ उभे राहिले.

आता या नियमाचं काय झालं ते बघा. ‘ब्लेड्स इन द डार्क’ने (२०१७, जॉन हार्पर) २डी६ ची बेरीजच सोडली. मूठभर डी६ टाकायचे, सगळ्यात मोठा आकडा बघायचा: ६ म्हणजे पूर्ण, ४-५ म्हणजे किंमत मोजून, १ ते ३ फसलं. ‘आयर्नस्वॉर्न’ने (२०१८, शॉन टॉमकिन) एक डी६ अधिक गुण घेतला आणि तो दोन डी१० शी ताडून पाहिला: दोन्हींपेक्षा मोठा तर पूर्ण, एकापेक्षा मोठा तर अर्धा, नाहीतर फसलं. फासे तिन्हींत वेगळे, पायऱ्या तीनच. साचा टिकला, शब्द आणि गणित उडालं.

एसआरडीच्या वंशात नेमकं उलटं होतं. ‘आर्मर क्लास’, ‘सेव्हिंग थ्रो’, ‘हिट डाइस’ हे शब्द पंचवीस वर्षं तसेच आहेत, कारण शब्द उचलायची मुभा आहे आणि वाचकाला ते पाठ आहेत. नवीन शब्द घडवण्याची कोणाला गरजच भासत नाही. शब्दांबरोबर त्यामागची गृहीतकंही येतात: सहा गुण, लेव्हल, फासा टाकून हल्ला. म्हणजे मजकुराचा परवाना वंश पसरवतो आणि त्याच वेळी त्याला जखडतोही. २००२-०३ च्या सुमारास अंतराळापासून काउबॉयपर्यंत सगळं डी२०त कोंबलं जात होतं. त्यातलं आज किती खेळलं जातं ते स्वतःलाच विचारा.

कायद्याबद्दल: अमेरिकी कॉपीराइट कायद्याचं कलम १०२(बी) कल्पना, पद्धत, प्रणाली यांना संरक्षण देत नाही. १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात हिशेबाच्या वह्यांची पद्धत आणि ती समजावणारं पुस्तक यांतला फरक सांगितला गेला, त्याच रांगेतली ही गोष्ट. पण ‘स्लॉट भरले की थकवा येतो’ ही पद्धत आणि ते सांगणारा परिच्छेद यांतली सीमा कोर्टाबाहेर कोणालाच नेमकी आखता येत नाही. परवाना खरं तर नियम देत नाही. ‘या मजकुरासाठी आम्ही तुमच्यावर खटला घालणार नाही’ एवढी हमी देतो. २००० आधी बाहेरच्या प्रकाशकांवर खटले झालेले होते, म्हणून त्या हमीला किंमत आली.

---

वीसकोनी

टाचण, हमीचा मुद्दा मान्य. पण त्या हमीच्या कडेकडेनेच जीवाश्म सापडतात.

‘लॅबिरिंथ लॉर्ड’, २००७. १९८१ च्या जुन्या डी अँड डीचे नियम ३.५ च्या एसआरडीतल्या शब्दांतून पुन्हा बांधले. ओजीएलखाली जुन्या पुस्तकातला मजकूर मिळत नव्हता, फक्त नव्या एसआरडीतला मिळत होता, म्हणून नवे शब्द आणि जुनं गणित. मूळ खेळात फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० अनुभव लागतो, क्लेरिकला १,५००. ‘लॅबिरिंथ लॉर्ड’मध्ये फायटरला २,०३५ आणि क्लेरिकला १,५६५. या ३५ आणि ६५ चा खेळावर काही म्हणता काही परिणाम होत नाही. तक्ता जसाच्या तसा उचलला असं कोणी म्हणू नये, यापलीकडे त्याचं खेळातलं कारण मला तरी दिसत नाही. बारा वर्षांनी ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ने तोच खेळ पुन्हा मांडला तेव्हा फायटर परत २,००० वर आला. एवढ्या काळात कोणी खटला भरला नाही, मग भीती कशाची.

आणि भीतीने झालेला मोठा बदल बघायचा तर २०२३ चं ‘पाथफाइंडर’ रीमास्टर. त्या जानेवारीत ओजीएल १.१ चा मसुदा फुटला: ७,५०,००० डॉलरच्या वरच्या विक्रीवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि १.०ए ‘अधिकृत’ नाही असं ठरवण्याची तजवीज. १.०ए च्या कलम ४ मध्ये ‘शाश्वत’ हा शब्द आहे, ‘अपरिवर्तनीय’ नाही. कलम ९ मध्ये ‘अधिकृत आवृत्ती’ आहे. त्या दोन शब्दांवर सगळा डाव. २७ जानेवारीला माघार झाली, १.०ए तशीच राहिली आणि एसआरडी ५.१ सीसी बाय ४.० खाली सोडला गेला. पण पायझोने तोवर ठरवलं होतं की एसआरडीवरचं अवलंबित्वच संपवायचं. ऑर्क लायसन्सचा अंतिम मसुदा जूनमध्ये आला, नवी पुस्तकं नोव्हेंबरमध्ये.

त्यात काय गेलं? अलाइनमेंट (पात्राचा चांगला-वाईट कल) गेली, जादूच्या आठ शाखा गेल्या, ३ ते १८ चे गुण जाऊन फक्त त्यांचे बदलांक उरले, रंगांचे आणि धातूंचे ड्रॅगन गेले. ‘मॅजिक मिसाइल’चं ‘फोर्स बराज’ झालं, ‘अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी’चं ‘रिअॅक्टिव्ह स्ट्राइक’, ‘फ्लॅट-फुटेड’चं ‘ऑफ-गार्ड’, ‘स्पेल लेव्हल’चं ‘स्पेल रँक’. यांतली निम्मी नुसती नावं आहेत, बरोबर. पण अलाइनमेंट काढल्यावर तिच्यावर टेकलेलं सगळं हललं. चांगलं-वाईट डॅमेज जाऊन ‘स्पिरिट’ डॅमेज आलं, चॅम्पियन वर्गाचे नियम नव्याने बांधावे लागले. आणि गुण काढून नुसते बदलांक ठेवणं ही चांगली सुधारणा आहे. ती आधीच व्हायला हवी होती. जुन्याशी जुळतं ठेवायच्या नादात राहून गेली होती. वकिलांनी डिझायनरचं काम सोपं केलं, असं एरवी कधी लिहायला मिळत नाही.

---

घुबडअस्वल

परवाने जुळले म्हणून गणित जुळतं असं नाही, आणि या मसुद्यात खरी गोची तिथे होणार आहे. एसआरडी ५.१ चा ओगर घ्या: आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट ५९, गदा +६, डॅमेज २डी८+४. तो ‘केर्न’च्या लढाईत जसाच्या तसा उतरवून बघा.

‘केर्न’मध्ये हल्ल्याचा फासा नाही. एकाच शत्रूवर चौघे तुटून पडले तर चौघांचे डॅमेज फासे टाकून त्यातला सगळ्यात मोठा एकच धरायचा. प्रत्येकाकडे डी८ ची तलवार धरली तर चार डी८ मधल्या मोठ्याची सरासरी ६.८६ येते. ५९ भागिले ६.८६, म्हणजे नऊ फेऱ्या. तिकडे ओगरचा फटका कधी चुकत नाही आणि सरासरी १३ बसतो. पात्राकडे सुरुवातीला १डी६ हिट प्रोटेक्शन (पहिला मार झेलणारे पॉइंट) आणि त्यामागे स्ट्रेंग्थ. एकाच फटक्यात एकाची स्ट्रेंग्थ खरवडून निघते, उरलेल्या स्ट्रेंग्थवरचा सेव्ह बहुधा हुकतो आणि तो आडवा. पाचव्या फेरीपर्यंत टेबलावर कोणी उरलेलं नसेल.

कारण उघड आहे. ५.१ चे ५९ पॉइंट दोन गोष्टी धरून ठेवलेत: हल्ले काही वेळा चुकतात, आणि लेव्हल वाढते तसं डॅमेज वाढतं. इथे दोन्ही नाहीत. म्हणून आकडे भाषांतरित करू नका, भूमिका करा. ‘केर्न’च्या स्वतःच्या सूचनेत साध्या प्राण्याला ३, चिवट असेल तर ६, खरा धोका असेल तर १० किंवा जास्त हिट प्रोटेक्शन आहे. ओगरला ६ ते ८ द्या, स्ट्रेंग्थ १६, चिलखत १, गदेला डी१०. हिट प्रोटेक्शन संपल्यावर डॅमेज स्ट्रेंग्थवर जातं, त्यामुळे ती १६ हीच त्याची दुसरी टाकी आहे. तीन ते चार फेऱ्यांत निकाल लागतो.

गॉब्लिनच्या आर्मर क्लास १५ मधून चिलखत काढतानाही तेच. त्या १५ मध्ये लेदर ११, डेक्स्टेरिटी २ आणि ढाल २ आहे. चपळाई वजा करा, ती ‘केर्न’मध्ये वेगळ्या गुणात असते. उरलं लेदर आणि ढाल: प्रत्येकी १, चिलखत २. आणि कुठल्याही परिस्थितीत ३ च्या वर जाऊ नका, ती त्या खेळाची कमाल मर्यादा आहे. डी६ च्या हत्याराने ४ चिलखत फोडायचं तर सहापैकी दोनच आकडे उपयोगी पडतात.

स्लॉटबद्दलही सांभाळा, कारण तुमचे दोन स्रोत इथेच भांडतात. ‘नेव्ह’मध्ये स्लॉट कॉन्स्टिट्यूशन डिफेन्सएवढे, म्हणजे पात्रागणिक वेगळे. ‘केर्न’मध्ये सगळ्यांना १०: पिशवीत ६, हातांचे २, अंगावरचे २. दहाही भरले की हिट प्रोटेक्शन शून्य. ‘नेव्ह’चं मंत्रपुस्तक दिवसातून एकदाच चालतं. ‘केर्न’ने ते पुस्तक घेतलं, दिवसाची अट काढली आणि मंत्र म्हटला की एक ‘थकवा’ स्लॉटमध्ये येऊन बसतो असं केलं. म्हणजे जादूची मर्यादा आणि ओझ्याची मर्यादा एकच झाली. कॉन्स्टिट्यूशनवरचे १४-१५ स्लॉट ठेवून त्यावर थकव्याचा नियम चढवलात तर जादूगाराला रोज चारपाच मंत्र फुकट मिळतील. एकतर दहा स्लॉट घ्या, नाहीतर दिवसातून एकदाची अट घ्या.

(खुल्या परवान्यामुळे नियम उत्क्रांत होतो म्हणजे नेमकं काय, याचं माझ्या मते हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. मजकूर हातात असल्यामुळे ‘केर्न’चे लेखक योखाई गाल यांना मंत्रपुस्तकाचं बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकच खिळा हलवता आला.)

---

पानगळ

ओगरचं गणित डोळे उघडणारं आहे. दहा स्लॉट आणि थकवा ठरलं. ‘केर्न’चे उतारेही आता मुळातून लिहितो, म्हणजे बाय-एसएची सक्ती राहणार नाही.

मग राहिले ‘नेव्ह’ आणि एसआरडी, दोन्ही सीसी बाय. आता निवड माझी असेल तर बाय, बाय-एसए, ऑर्क, की नॉन-कमर्शियल? आणि शेवटी प्रत्यक्षात काय छापायचं?

---

चौसर

नॉन-कमर्शियल पहिल्यांदा बाद करा. दोनतीन डॉलरची छोटी साहसकथा विकणाराही त्यात अडकतो, आणि नियमपुस्तकाला जिवंत ठेवतात ते तेच लोक. टॉमकिन यांनीही ‘आयर्नस्वॉर्न’चं मूळ पुस्तक नॉन-कमर्शियलखाली ठेवलं, पण एसआरडी वेगळा काढून तो सीसी बायखाली दिला. ती विभागणी चांगली आहे.

ऑर्क आणि बाय-एसए यांत लोक गल्लत करतात. ऑर्कमध्ये मेकॅनिक्स आपोआप खुली होतात, राखून ठेवता येत नाहीत. कथा, नावं, चित्रं आपोआप राखीव राहतात. ओजीएलमध्ये प्रकाशक स्वतः ठरवायचा काय खुलं, आणि काहींनी त्याचा वाईट वापर केला: फीटचा मजकूर खुला, पण फीटचं नाव राखीव. पुढच्याने वापरायचं तर शंभर नावं बदलायची, मग वाचकाला कळायचंच नाही हे तेच फीट आहे. ऑर्कने ती पळवाट बुजवली. तुमच्याकडे मोठी कथासृष्टी असेल आणि इतरांनी केलेल्या सुधारणा परत खुल्या याव्यात असं वाटत असेल तर ऑर्क. ४० पानांच्या नियमांना सीसी बाय पुरे.

एक सावधगिरी: एसआरडीचा मजकूर सीसीखाली घेतलाय म्हटल्यावर पुस्तकात ओजीएल छापू नका, ‘असावं बरं’ म्हणूनसुद्धा. ओजीएल लावलात की कलम ७ लागू होतं, आणि दुसऱ्याचा ट्रेडमार्क घेऊन ‘अमुक खेळाशी सुसंगत’ असं लिहिण्याचा हक्क तुम्ही आपण होऊन सोडता. सीसीच्या वाटेने एसआरडी ५.१ स्वतःच सांगतो की ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ किंवा ‘५ई सुसंगत’ असं लिहिता येईल.

छापायचं असं. नियमांचा मजकूर कथेपासून आणि चित्रांपासून वेगळ्या फाइलमध्ये काढा, साधा मजकूर, मार्कडाउन चालेल. पीडीएफ देऊन ‘खुलं आहे’ म्हणणाऱ्यांचं कोणी काही वापरत नाही, कारण दोन रकान्यांतून तक्ता उचलताना त्याचा चिवडा होतो. फाइलवर आवृत्तीचा आकडा आणि तारीख. पहिल्याच पानावर परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तीसकट: ‘क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ४.० आंतरराष्ट्रीय’, आणि त्याचा दुवा. नुसतं ‘सीसी’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

त्याखाली श्रेयओळी. ‘नेव्ह’साठी लेखक बेन मिल्टन, कृतीचं नाव, परवाना, दुवा, आणि ‘भाषांतर व बदल केले आहेत’ हे वाक्य. ४.० मध्ये बदल सांगणं ऐच्छिक नाही. एसआरडीसाठी त्याच्या पहिल्या पानावर दिलेली श्रेयओळ शब्दशः, इंग्रजीतच ठेवा. भाषांतर हवं तर खाली जोडा. त्या ओळीपलीकडे प्रकाशकाचा आणखी कुठे उल्लेख करू नका अशी त्यांची विनंती आहे, ती पाळा. एसआरडी ५.२ हा २०२५ मध्ये आला, तोही सीसी बायखाली, पण त्याची श्रेयओळ वेगळी. दोन्हींतून घेतलं असेल तर दोन ओळी लागतील.

‘केर्न’ला आता कायद्याने श्रेय देणं लागत नाही. तरी द्या, पण वेगळ्या ‘ऋणनिर्देश’ विभागात, परवान्याच्या ओळींपासून लांब. तिथे मिसळलंत तर वाचणारा समजेल की बाय-एसएचा मजकूर आत आहे आणि पुस्तकापासून दूरच राहील.

मग एक ओळ, जी हमखास विसरली जाते: ‘मुखपृष्ठ, चित्रं, नकाशे आणि खेळाचं नाव या परवान्यात येत नाहीत.’ ती नसेल तर ‘हे पुस्तक सीसी बाय आहे’ या वाक्यात चित्रकाराचं कामही ओढलं जातं. त्याने तशी परवानगी दिलेली नसते, आणि तुम्हाला ती देण्याचा अधिकारही नसतो. ४.० चा परवाना एकदा दिला की अटी पाळणाऱ्याकडून काढून घेता येत नाही, त्यामुळे ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

चुकून श्रेयओळ राहिलीच, तर कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की हक्क आपोआप परत येतो. विक्रीची फाइल बदलताना तुमच्या नियमांची मार्कडाउन फाइलही बदला, लोक हमखास एकच बदलतात.